पोट फुगतं, थकवा जात नाही: आता आणखी काय घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 36. आठ महिन्यांपासून दुपारनंतर पोट डब्ब होतं. तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, मग दोन दिवस पातळ. अधूनमधून छातीत जळजळ, आणि थकवा कायमचा. रक्तात फेरिटिन 11, ड जीवनसत्त्व 14, बी12 210. सोनोग्राफी स्वच्छ. सध्या चालू आहे ते असं: लोहाची गोळी (शुद्ध लोह 65 मिग्रॅ.) दिवसातून दोनदा, कॅल्शियम कार्बोनेट, क जीवनसत्त्व 1000 मिग्रॅ., मल्टिव्हिटॅमिन, प्रोबायोटिक, चिकोरीच्या मुळाची फायबर पावडर 10 ग्रॅम, व्हे प्रोटीन, जेवणानंतर पँटोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) 40 मिग्रॅ., रात्री मॅग्नेशियम सायट्रेट आणि शौचाला झालं नसेल त्या रात्री त्याच्या दोन गोळ्या. सकाळच्या सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदमच. तीन आठवड्यांपूर्वी गहू आणि दूध बंद केलं, फरक थोडासाच. यात आणखी काय वाढवावं?

तूर्त काहीच वाढवू नका. तुमच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीला पुरेल एवढं कारण या यादीतच आहे. म्हणून आजार नाहीच असं नव्हे. पण ही यादी अशीच चालू राहिली तर आजार आहे की नाही, हे कुणालाच ओळखता येणार नाही.

आधी एक चाळणी लावू. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात 5 टक्क्यांहून जास्त उतरलेलं वजन, ताप, गिळताना अडकणं, सतत उलट्या, जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याचा दाहक आजार, यांपैकी एक जरी असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञांकडे जा. फेरिटिन 11 म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला आहे, आणि तो कुठे गेला याचं उत्तर मिळायलाच हवं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ते कारण पुरेसं असू शकतं. पाळी येत नसेल, किंवा तुम्ही पुरुष असाल, तर पोट आणि आतडं दुर्बिणीतून तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्या गिळत राहणं चूक आहे.

आता गव्हाबद्दल, कारण इथे वेळ महत्त्वाची आहे. लोह, ड आणि बी12 एकाच वेळी कमी आणि वर पोटाच्या तक्रारी, असं चित्र दिसलं की सीलिअॅक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणं, तपासायचा असतो. त्यासाठी रक्तात टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी आणि त्यासोबत एकूण आयजीए बघतात. एकूण आयजीए मुळातच कमी असेल तर पहिली चाचणी खोटी निगेटिव्ह येते, म्हणून दोन्ही हवेत. अडचण ही की चाचणी ग्लूटेन खाणाऱ्या माणसासाठी आहे. गहू बंद केल्यावर अँटिबॉडी हळूहळू उतरत जातात. तुम्हाला तीनच आठवडे झालेत, तेव्हा चाचणी याच आठवड्यात करून घ्या. पॉझिटिव्ह आली तर तिला अर्थ आहे. निगेटिव्ह आली तर मात्र तिच्यावर विसंबू नका. निदान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत गव्हाचे पदार्थ खाऊन ती पुन्हा करावी लागते. त्यात भयंकर त्रास झाला तर ते रेटू नका, डॉक्टरांशी बोला. आधी गहू सोडून मग तपासायला येणारे इतके असतात की हा सल्ला छापूनच ठेवावा असं वाटतं.

त्याच रक्तात टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, आणि शौचाच्या नमुन्यात कॅलप्रोटेक्टिन. ते 50 च्या आत असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फारच कमी होते. मल्टिव्हिटॅमिनमध्ये किंवा केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन जास्त असेल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी ती बंद करा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे अनेक यंत्रांवर चुकतात आणि नसलेला आजार कागदावर दिसतो. अन्नाच्या ‘असहिष्णुते’साठी शंभर पदार्थांची आयजीजी चाचणी कुणी सुचवली तर नको म्हणा. तुम्ही काय खात आला आहात एवढंच ती सांगते. काय सोसत नाही, हे तिला कळत नाही.

आता यादीकडे वळू.

तुमच्या ‘तीन दिवस कोंडी, दोन दिवस पातळ’ या चक्राची सुरुवात बहुधा लोहापासून होते. रोजच्या 130 मिग्रॅ. लोहातला बराचसा भाग शोषला न जाता मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे शौच घट्ट करतो, काहींना मळमळही होते. शिवाय मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणि त्यानंतर साधारण 24 तास आतडं लोहासमोर दार ओढून घेतं. म्हणजे दुसरी गोळी शरीराला थोडं देते आणि आतड्याला भरपूर त्रास देते. एक दिवसाआड सकाळी एकच 65 मिग्रॅ.ची गोळी घेतली तर प्रत्येक गोळीतलं शोषण वाढतं आणि कोंडी कमी होते. ती चहा-कॉफीच्या तासभर आधी घ्या, कॅल्शियमसोबत नको. उपाशीपोटी सोसत नसेल तर दोन घास खाऊन घ्या. शोषण थोडं घटेल, पण सुटलेल्या गोळीपेक्षा ते बरं. लोहाने शौच काळपट-हिरवं होतं, त्याची काळजी नको. डांबरासारखं चिकट, चकचकीत आणि उग्र वासाचं काळं शौच वेगळं. ते रक्त असू शकतं.

कोंडी झाली की तुम्ही मॅग्नेशियमच्या दोन गोळ्या घेता. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढतं, क जीवनसत्त्वाचा मोठा डोसही तेच करतो, आणि दोन्ही मिळून आतडं धुऊन काढतात. इथेच गैरसमज होतो. मोठं आतडं पूर्ण रिकामं झाल्यावर ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणं स्वाभाविक आहे. त्या दिवसांत शौचाला न होणं ही कोंडी नसतेच. तुम्ही मात्र तिसऱ्या रात्री पुन्हा दोन गोळ्या घेता आणि चाक पुन्हा फिरतं. असं महिनोन्‌महिने चाललं की बाहेरून बघणाऱ्याला ते हुबेहूब आयबीएससारखं (आतडं चटकन चिडण्याच्या विकारासारखं) दिसतं. मॅग्नेशियमच्या लेबलवर आणखी एक गोष्ट बघा: लिहिलेले मिलिग्रॅम शुद्ध मॅग्नेशियमचे आहेत की सबंध सायट्रेटचे? दोन्हींत कित्येक पटींचा फरक असतो. पूरक म्हणून शुद्ध मॅग्नेशियम दिवसाला 350 मिग्रॅ.च्या वर स्वतःहून नेऊ नये, आणि मूत्रपिंडं अधू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

पोट फुगण्यात माझा पहिला संशय चिकोरीच्या पावडरीवर आहे. तिच्यात इन्युलिन असतं, आणि इन्युलिन हे फ्रुक्टान आहे. गहू, कांदा, लसूण ज्या साखर-साखळ्यांमुळे त्रास देतात त्याच जातीचं, फक्त शुद्ध आणि एकदम 10 ग्रॅम. लहान आतड्याला ते पचवता येत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि काही तासांत गॅस तयार होतो. सकाळी घेतलेली पावडर दुपारी पोट फुगवते, हे वेळापत्रक तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतं. गहू सोडून ही पावडर चालू ठेवली, म्हणून फरक ‘थोडासाच’ पडला असावा.

व्हे प्रोटीनचा डबा फिरवून घटक वाचा. कॉन्सन्ट्रेट प्रकारात एका मापात एक-दोन ग्रॅमच लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, आणि तेवढ्याने सहसा पोट फुगत नाही. गडबड बहुतेक वेळा त्यातल्या गोडव्यामुळे किंवा पुन्हा घातलेल्या इन्युलिनमुळे होते. सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, माल्टिटॉल ही नावं दिसली तर डबा बंद. हीच नावं साखरमुक्त च्युइंग गम, खोकल्याच्या गोळ्या आणि चघळायच्या जीवनसत्त्वांत सापडतात. दिवसभरात सॉर्बिटॉल 10 ग्रॅमच्या पुढे गेलं की अनेकांचं पोट बोलू लागतं.

बाकीच्यांवर फार शब्द नकोत. कॅल्शियम कार्बोनेटने कोंडी होते, शोषणासाठी त्याला पोटातलं आम्ल लागतं आणि तुम्ही आम्ल कमी करणारी गोळी घेताय; शिवाय शेजारी घेतलेल्या लोहालाही ते अडवतं. आहारातून रोज 1000 मिग्रॅ.च्या आसपास मिळत असेल तर त्याची गरजच नाही. कमी पडत असेल तर सायट्रेट प्रकार, एका वेळी 500 मिग्रॅ.पर्यंत. प्रोबायोटिक महिनाभर घेऊन काही कळलं नसेल तर पुढेही कळणार नाही. मल्टिव्हिटॅमिनमधलं झिंक उपाशीपोटी मळमळ आणतं. बी6 चा आकडा वाचा. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतला तर हातापायांना मुंग्या येतात आणि तो त्रास इतर आजारांच्या नावावर खपतो. आणि कुणी ‘आतड्याच्या सुजेसाठी’ मिरीच्या अर्कासह कर्क्युमिनच्या कॅप्सूल किंवा ग्रीन टीचा अर्क सुचवला तर घेऊ नका. दोन्हींनी यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. पेल्यातला चहा आणि स्वयंपाकातली हळद यांचा याच्याशी संबंध नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे असे: लोह एक दिवसाआड, पँटोप्राझोल चालू, बाकी सगळं बंद. डॉक्टरांनी दुसऱ्या आजारासाठी लिहून दिलेलं काही असेल तर ते या ‘बाकी’त येत नाही. खाणं मुद्दाम बदलू नका. पाच-सहा दिवस शौचाला न झाल्यास पॉलिथिलीन ग्लायकॉलचं साधं सौम्य रेचक चालेल, मॅग्नेशियम नको. रोज तीनच नोंदी ठेवा: शौचाचा प्रकार ब्रिस्टल तक्त्यानुसार (1 म्हणजे सुटे कडक खडे, 4 म्हणजे मऊ आणि सलग, 7 म्हणजे निव्वळ पाणी), दुपारी आणि रात्री पोट किती फुगलं याला 0 ते 10 गुण, आणि पाळी असेल तर तिचे दिवस. पाळीच्या आधी पोट फुगणं आणि पाळीत पातळ होणं नेहमीचं आहे. नोंद नसेल तर त्याचं खापर भलत्याच पदार्थावर फुटतं. खाल्लेला घास न् घास लिहू नका. त्याने माणूस जेवणालाच घाबरायला लागतो.

पँटोप्राझोल बंद का करायचं नाही? दोनेक महिने रोज घेतल्यावर ते एकदम थांबवलं तर पोट काही आठवडे जास्तच आम्ल तयार करतं, जळजळ उसळते आणि गोळी जन्माची लागते असं वाटतं. आधी वेळ दुरुस्त करा. ही गोळी जेवणानंतर घेतली तर तिचा परिणाम कमी होतो. सकाळच्या पहिल्या खाण्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी घ्यायची असते. जळजळ आटोक्यात आली की डॉक्टरांच्या संमतीने 20 मिग्रॅ. दोन आठवडे, मग एक दिवसाआड, मग गरजेपुरती. मधल्या दिवसांत अल्जिनेटचं पातळ औषध जेवणानंतर उपयोगी पडतं. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंमी उंच (उशांची चळत नव्हे, त्याने पोट उलट दाबलं जातं) आणि डाव्या कुशीवर झोपणं, एवढ्याने रात्रीची जळजळ पुष्कळांची कमी होते. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातला जिवाणू तपासायचा असेल, आणि लोह कमी असताना तो तपासावाच, तर श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीआधी दोन आठवडे ही गोळी आणि चार आठवडे कोणतंही प्रतिजैविक नको. तेव्हा चाचणीची तारीख गोळी कमी करण्याच्या टप्प्याशी जुळवून घ्या. लोह आणि बी12 दोन्हींचं शोषण या गोळीने घटतं, हेही ती कारणाशिवाय चालू न ठेवण्याचं एक कारण.

तिसऱ्या आठवड्यात इसबगोल. फायबर म्हणजे सगळं एकच असं धरून चालतात, पण इसबगोल पाणी धरून जेलसारखं होतं आणि फारसं आंबत नाही, म्हणून गॅस कमी. कोंडीत ते शौच मऊ करतं, पातळ असेल तेव्हा बांधतं. गव्हाचा कोंडा मात्र फुगणाऱ्या पोटाला बहुधा आणखी फुगवतो. सुरुवात रोज 3 ग्रॅमने, तीही वजन करून, कारण भुसा हलका आणि पूड जड, चमच्याचा भरवसा नाही. 250 मिली पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी थोडं पाणी घ्या. कोरडं तोंडात टाकणं धोक्याचं आहे, अन्ननलिकेत अडकतं. इतर औषधांपासून दोन तास दूर. दर आठवड्याला 3 ग्रॅम वाढवत 9-10 ग्रॅमपर्यंत जा आणि तिथे थांबा. पहिल्या दिवशीच 10 ग्रॅम घेऊन ‘मला सोसत नाही’ म्हणणारे बरेच असतात. सोसत नाही तो वेग. पावडर नको असेल तर रोज दोन हिरवी किवी किंवा 100 ग्रॅम सुके प्लम हेही कोंडीवर तपासलेले उपाय आहेत. पण प्लममध्ये सॉर्बिटॉल असतं, त्यामुळे फुगणाऱ्या पोटाला किवी बरी.

सकाळच्या खाण्यानंतर अर्ध्या तासात मोठं आतडं आपोआप हलतं. ती वेळ राखून ठेवा, पाय छोट्या स्टुलावर घेऊन गुडघे कमरेपेक्षा वर ठेवा, दहा मिनिटांत झालं नाही तर उठा. शौच मऊ असूनही कुंथावं लागत असेल, पूर्ण झाल्यासारखं वाटत नसेल, किंवा बोटाने मदत घ्यावी लागत असेल, तर दोष बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा आहे. ते सैल सोडायच्या वेळी आवळले जातात. तिथे फायबर वाढवलं की त्रास वाढतो. उपाय म्हणजे बायोफीडबॅक (स्नायू आवळतात की सुटतात हे यंत्रावर बघत ते सैल सोडायला शिकणं), आणि तो त्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे मिळतो.

एवढ्यावर, म्हणजे पाचव्या आठवड्याच्या सुमारास, पोटाच्या फुगण्याचे गुण निम्म्यावर आले तर आहारात काटछाट करण्याची गरजच नाही. नाही आले, आणि सीलिअॅकचा निकाल लागला असेल, तरच मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेल्या कमी फॉडमॅप (आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, आंबणाऱ्या साखर-साखळ्या) आहाराकडे वळा. त्याचा पहिला टप्पा सगळ्यांना ठाऊक असतो: कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, मध, सफरचंद, मशरूम वगैरे दोन ते सहा आठवडे बंद. दुसरा टप्पा मात्र बहुतेक जण करतच नाहीत, आणि खरं उत्तर तिथेच असतं. पहिल्या टप्प्याला चार आठवडे पुरेत. फरक पडला नाही तर सगळं परत सुरू करा, हा तुमचा मार्ग नव्हे. पडला तर एकेक गट तीन दिवस चढत्या मात्रेने खाऊन बघा आणि दोन गटांमध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.

दुधासाठी पहिल्या दिवशी 60 मिली, दुसऱ्या दिवशी 125, तिसऱ्या दिवशी 250. शेवटच्या पेल्यात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि लॅक्टेज (लॅक्टोज पचवणारं विकर) कमी असलेल्यांनाही तेवढं जेवणासोबत बहुधा चालतं. दही आणि जुनं चीज तर त्याहून सोपं. गव्हासाठी पावाचा एक काप, मग दोन, मग तीन. कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा. गहू चालतो पण लसूण नाही, असं सर्रास दिसतं. फ्रुक्टान तेलात विरघळत नाहीत, म्हणून तेलात लसणाच्या पाकळ्या परतून काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. पाण्यात उकळून काढल्या तर तसं होत नाही, फ्रुक्टान पाण्यात उतरलेले असतात. कडधान्यांत हाच गुण उलटा कामी येतो: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात शिजवा, तेही पाणी काढून टाका, आणि पाव वाटीपासून सुरू करा. त्रास देणारी गोष्ट सापडली तरी ती सहसा मात्रेपुरतीच त्रास देते. शून्यावर न्यायची गरज क्वचितच पडते, आणि वर्षभर सगळं वगळून बसलात तर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्यही तुटतं.

थकव्यासाठी परत काय घ्यायचं, ते रक्त सांगेल. ड जीवनसत्त्व 14 म्हणजे कमतरता नक्की. प्रौढांना सहसा आठवड्यातून एकदा 50,000 युनिट आठ आठवडे देतात, मग रोज 1500 ते 2000. ते तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्या. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणं ही नेहमीची चूक आहे, आणि त्यातून कॅल्शियम चढलं की पुन्हा कोंडी, मळमळ, थकवा, म्हणजे मूळ तक्रारीच परत येतात. बी12 210 हा सीमेवरचा आकडा आहे. मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासलं तर खरी कमतरता कळते, आणि हातापायांना मुंग्या असतील तर तपासणीसाठी रक्त दिल्यावर निकालाची वाट न बघता उपचार सुरू करतात. 1000 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घेतली की शोषणाची यंत्रणा मंदावलेली असली तरी त्यातला सुमारे 1 टक्का, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम, नुसताच झिरपून आत जातो. रोजची गरज 2.4 ची आहे. या दोन्ही गोष्टी तिसऱ्या आठवड्यानंतर, आठवड्याच्या अंतराने, एकेक करून आणा.

फेरिटिन आणि हिमोग्लोबिन आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा. तोवर हिमोग्लोबिन हललंच नसेल तर गोळ्या दुप्पट करू नका. गोळ्या चुकताहेत का, चहाबरोबर जातेय का, आम्लाची गोळी आड येतेय का, रक्त कुठे जातंय का, हे याच क्रमाने बघा. सगळ्यांचं उत्तर नाही आलं तर शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी लागली तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवा.

सीलिअॅकची चाचणी तेवढी आधी करा. बाकी सगळं सोमवारपासून सुरू केलं तरी चालेल.